कमरेच्या किल्ल्या

आपल्याकडे 'संस्थापक' या शब्दाला जेवढा मान आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या शब्दाला असेल. वाचनालय घ्या, गणेशोत्सव मंडळ घ्या, भजनी मंडळ घ्या, नाही तर बायकांची भिशी घ्या. ज्याने पहिली वर्गणी गोळा केली त्याची तसबीर भिंतीवर लागते, आणि तो हयात असला तर त्या तसबिरीखालच्या खुर्चीवर तोच बसलेला आढळतो. त्याला पहिला नमस्कार मिळावा यात वावगे काहीच नाही. पाया खणताना जो उन्हात उभा राहिला, त्याला सावलीत बसण्याचा हक्क आहेच. माझी तक्रार आहे ती त्याच्या कमरेला लटकणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्याबद्दल.

जुन्या घरांतून हे दृश्य आपल्या आज्यांनी पाहिलेले आहे. सून घरात येऊन वीस वर्षे झाली, तिची पोरे मॅट्रिकला बसली, सारा स्वयंपाक तिच्या हातचा. पण कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. पाहुणा अवचित आला तर वाटीभर साखरेसाठी तिने देवघराच्या दाराशी उभे राहावयाचे! सासूबाई दुष्ट असत असे नाही. बहुधा त्या प्रेमळच असत. परंतु प्रेमळपणा हा किल्लीला पर्याय होऊ शकत नाही, हे समजायला आपल्याला दोन पिढ्या लागल्या. घरात जे कळले ते संस्थेत मात्र अजून कळलेले नाही. तेथे आजही वार्षिक सभेत कोणी तरी उठून म्हणतो, "संस्था म्हटली की एक कर्ता पुरुष हवाच. दहा डोकी एकत्र आली की दहा वाटा फुटतात." आणि सभा मान डोलावते.

हे वाक्य अर्धे खोटे आहे, आणि अर्धे खोटे वाक्य संपूर्ण खोट्या वाक्यापेक्षा घातक असते. संस्था सुरू करावयास एक जिद्दी माणूस लागतो, हे त्यातले खरे अर्धे. पण ती चालू ठेवावयास तोच माणूस, त्याच खुर्चीवर, त्याच अधिकारासह लागतो, हे जे पुढे हळूच चिकटवले जाते, त्याला पुरावा कोठे आहे? उलट पुरावा मात्र भरपूर आहे. आणि तो आज सर्वांत उघडा पडला आहे तो इंटरनेटवर, जेथे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हजारो माणसांनी, एकमेकांचे तोंडही न पाहता, मोठमोठी सामाईक कामे उभी केली. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला शाळामास्तर. मला संगणकाची विद्या शिकवावयाची नाही. पण माणसे सत्ता कशी धरून ठेवतात आणि कशी सोडतात हा कादंबरीकाराच्या आस्थेचा विषय आहे, आणि त्या दृष्टीने ही मंडळे म्हणजे एक उघडी प्रयोगशाळाच आहे. त्यांचे वाद, मतदान, रुसवेफुगवे, सारे तारीखवार लिहून ठेवलेले आहे. कोणालाही वाचता येते.

पहिले उदाहरण डेबियनचे. ही संगणक चालवणारी एक प्रणाली आहे. इअन मर्डॉक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये ती सुरू केली. आपल्या प्रेयसीचे डेब्रा हे नाव आणि स्वतःचे इअन हे नाव जोडून त्याने 'डेबियन' हा शब्द बनवला. म्हणजे काम अगदी घरचे, नाव अगदी घरचे. तरी हा गृहस्थ १९९६ मध्ये प्रमुखपदावरून बाजूला झाला. १९९७ मध्ये मंडळाने समाजाशी करार म्हणून आपली बांधिलकी लिहून काढली, आणि डिसेंबर १९९८ मध्ये रीतसर घटना मंजूर केली. तीनुसार प्रमुखाची निवडणूक दर वर्षी होते. प्रमुखाचा निर्णय सभासदांना मतदानाने फिरवता येतो. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही, की मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांबरोबर 'यांपैकी कोणीही नको' असाही एक पर्याय असतो. जो उमेदवार त्या 'कोणीही नको'ला हरवू शकत नाही, तो प्रमुख होऊ शकत नाही. इअन मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरात वारला. डेबियन आजही चालू आहे, आणि त्याच्या व डेब्राच्या नावानेच चालू आहे. किल्ली दिली म्हणून नाव पुसले गेले काय?

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, ॲमस्टरडॅम येथे, पायथन नावाची संगणकाची भाषा रचण्यास प्रारंभ केला. १९९१ मध्ये ती त्याने लोकांपुढे ठेवली. आज शाळकरी मुलांपासून शास्त्रज्ञांपर्यंत असंख्य लोक ती वापरतात. भाषेत काय घ्यावे नि काय टाकावे याबद्दल शेवटचा शब्द त्याचा असे, आणि त्याचे सहकारी त्याला थट्टेने 'तहहयात दयाळू हुकूमशहा' म्हणत. थट्टा खरी, पण तेवीस वर्षे चालली की थट्टेचीही घटना होते! २०१८ मध्ये भाषेत एक लहानसे नवे चिन्ह घ्यावे की न घ्यावे यावरून एवढे कडू वाद झाले, की गिडो थकला. निर्णय त्याच्या बाजूने लागला होता. तरी १२ जुलै २०१८ रोजी त्याने पत्र लिहून कायमची रजा घेतली. आणि वारस नेमला नाही. पुढे लोकशाही आणा, नाही तर दुसरा हुकूमशहा आणा, काय ते तुमचे तुम्ही ठरवा, अशा आशयाचे बोलून तो मोकळा झाला.

आपल्याकडच्या वार्षिक सभेतल्या त्या गृहस्थाच्या मते आता दहा वाटा फुटावयास हव्या होत्या. वाटा सुचवल्या गेल्या खऱ्या. कारभाराच्या सात निरनिराळ्या योजना पुढे आल्या. मग चर्चा झाली, डिसेंबर २०१८ मध्ये मतदान झाले, आणि पाच जणांचे सुकाणू मंडळ नेमण्याची योजना पसंत पडली. त्यात एक शहाणपणाची अट घातली : पाचांपैकी दोहोंपेक्षा अधिक जण एकाच मालकाचे नोकर असता कामा नयेत. फेब्रुवारी २०१९ पर्यंत पहिली निवडणूक पुरी झाली. गिडोही निवडून आला. पण आता पाच मतांपैकी एका मताचा धनी म्हणून. पुढल्या निवडणुकीस त्याने उमेदवारीच मागे घेतली. त्याचा पत्राच्या तारखेपासून निवडणुकीपर्यंतचा काळ मोजा : सात महिने भरत नाहीत. तेवीस वर्षांची एकहाती सत्ता सात महिन्यांत वाटून दिली गेली, आणि भाषा जशीच्या तशी नांदते आहे.

येथे कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही सत्पुरुषांची चरित्रे सांगता. सगळेच संस्थापक असे उदार कोठून असणार?" शंका रास्त आहे. म्हणूनच तिसरे उदाहरण विकिपीडियाचे घेऊ. तेथे औदार्याबरोबर धाकही होता.

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये निघाला तेव्हा तो जिमी वेल्स याच्या एका धंदेवाईक कंपनीच्या आश्रयाला होता. लेख लिहिणारे मात्र फुकट लिहीत. पुढल्याच वर्षी या ज्ञानकोशावर जाहिराती येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा स्पॅनिश भाषेत लिहिणाऱ्या मंडळींनी काय केले? सत्याग्रह नाही, अर्जविनंत्या नाहीत. त्यांनी वेगळी चूल मांडली! विकिपीडियातील मजकूर कोणीही उचलून नेऊन पुढे वाढवावा अशी त्याच्या परवान्यातच मुभा असल्यामुळे, त्यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये आपला मजकूर उचलला आणि सेव्हिल विद्यापीठाच्या आसऱ्याने दुसरा ज्ञानकोश सुरू केला. आपल्या घरात वेगळी चूल म्हणजे भांडी वाटून घेणे आले, रडारड आली. इंटरनेटवरची गंमत ही की, भांडी दोन्हीकडे पूर्ण राहतात. मजकुराची नक्कल नेली तरी मूळ जागचे काही कमी होत नाही. त्यामुळे तेथल्या संस्थापकाला मनातल्या मनात नेहमी हिशेब करावा लागतो : मी फार ताणले तर ही मंडळी उठून जातील, आणि माझ्यापाशी उरतील ती रिकामी दालने. जाहिराती आल्या नाहीत. जून २००३ मध्ये विकिपीडियासाठी विनानफा चालणारी प्रतिष्ठान-संस्था स्थापन झाली. इंग्रजी विकिपीडियावरचे तंटे तोडावयास २००४ पासून लवाद बसला.

तरी संस्थापकाचा हात सहजी सुटत नाही. मे २०१० मध्ये वेल्स यांनी विकिपीडियाच्या चित्रभांडारातून काही चित्रे अश्लील म्हणून स्वतःच्या अधिकारात काढून टाकली. चित्रे असावीत की नसावीत यावर मतभेद होऊ शकतो, आणि आमच्यासारख्या संसारी माणसांचा कल कोठे असेल हे सांगावयास नकोच. पण तेथील कार्यकर्त्यांचा आक्षेप निराळाच होता. चर्चा न करता, नियम पुरते ठरण्याआधी, एकट्याने हात का घातलात, असा त्यांचा सवाल होता. वेल्स यांनी खास संस्थापक म्हणून आपल्याकडे असलेले पुष्कळसे अधिकार आपण होऊन सोडले. मला येथे दोघांचाही गौरव करावासा वाटतो. कार्यकर्त्यांनी संस्थापकाला देवही केले नाही आणि घराबाहेरही काढले नाही. आणि संस्थापकाने किल्ली खाली ठेवली.

किल्ली ठेवली नाही म्हणजे काय होते, तेही पाहा. वर्डप्रेस हे संकेतस्थळे बांधण्याचे साधन २००३ मध्ये मॅट मलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी सुरू केले. आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन त्यावर उभी आहेत. कामाला हजारो हात लागले. परंतु ज्या मध्यवर्ती जागेवरून हे साधन व त्याची जोडउपकरणे सर्वांना मिळतात, ती जागा मंडळाच्या नव्हे तर मलनवेग यांच्या स्वतःच्या मालकीची असल्याचे २०२४ मध्ये त्यांनीच उघड सांगितले. प्रसंग असा, की एका मोठ्या कंपनीशी त्यांचा वाद जुंपला होता. ही कंपनी वर्डप्रेसवर बक्कळ कमावते पण सामाईक कामात हातभार लावत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीत तथ्य असेलही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी त्या कंपनीला मध्यवर्ती जागेचे दार बंद केले, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांची, ज्यांचा या भांडणाशी सुतराम संबंध नव्हता, अडचण झाली. ऑक्टोबरात त्या कंपनीचे एक जोडउपकरण ताब्यात घेऊन नाव बदलण्यात आले. एवढेच नव्हे, तर आत शिरणाऱ्या प्रत्येकाने 'माझा त्या कंपनीशी संबंध नाही' अशा चौकटीत खूण करावयाची, असाही फतवा निघाला. शाळेत एखादा मुलगा 'त्याच्याशी कट्टी असणाऱ्यांनीच माझ्या बॅटने खेळायचे' म्हणतो, त्याची आठवण व्हावी! शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने हे निर्बंध तूर्त उठवण्याचा हुकूम दिला.

खटल्यात खरे कोण, हा माझा प्रश्न नाही. माझा प्रश्न एवढाच, की हजारो लोकांनी वीस वर्षे खपून उभ्या केलेल्या वाड्याचे दार एका माणसाच्या रागाबरोबर बंद होऊ शकते, हे त्या लोकांना कळले केव्हा? दार बंद झाले तेव्हा! किल्ली कोणाकडे आहे, हे भले चाललेले असताना कोणी विचारत नाही. आणि नेमके तेव्हाच विचारावयाचे असते.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मोहरा घेऊ. "लायनस टॉर्व्हाल्ड्सचे काय? १९९१ पासून लिनक्सचा तो गाभा त्याच्याच शेवटच्या शब्दावर चालला आहे, आणि उत्तम चालला आहे." खरे आहे. पण नीट पाहा. एक तर लिनक्सचा परवाना असा, की उद्या कोणालाही सारा मजकूर उचलून वेगळी चूल मांडता येते. म्हणजे हा कर्ता पुरुष बंद कोठीवर बसलेला नाही. दुसरे, निरनिराळे विभाग निरनिराळ्या जाणत्यांकडे सोपवलेले आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये, सहकाऱ्यांना टाकून बोलण्याच्या आपल्या सवयीबद्दल माफी मागून, टॉर्व्हाल्ड्सने काही आठवडे रजा घेतली, तेव्हा त्या वेळची आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमनने बाहेर काढली, आणि काम अडले नाही. तिसरे, याच टॉर्व्हाल्ड्सने एप्रिल २००५ मध्ये 'गिट' नावाचे दुसरे साधन रचले, आणि जुलैतच ते जुनियो हमानो यांच्या हाती सोपवून तो मोकळा झाला. आज जगभरचे प्रोग्रॅम लिहिणारे गिट वापरतात. तेव्हा प्रतिपक्षाचा हा मोहरा मला माझ्याच पटावर आलेला दिसतो.

"हे सगळे परदेशात ठीक. आपल्या मातीत कर्ता पुरुषच लागतो," हा शेवटचा बचाव. आपल्या मातीची एवढी बदनामी परक्यांनीही केली नसेल! याच मातीत १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. आजीव सभासदांनी मिळून ती चालवावयाची, कोणा एकाची ती जहागीर नाही, ही तिची रीत. टिळकांसारखा संस्थापक १८९० मध्ये तीतून बाहेर पडला. आगरकर १८९५ मध्ये फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतानाच वारले. एवढे दोन खांब पाच वर्षांत गेले, तरी छप्पर आजही उभे आहे. आणि आजचेच हवे असेल तर मराठी विकिपीडिया पाहा. तो १ मे २००३ ला सुरू झाला. तेथे देखरेखीचे काम 'प्रचालक' करतात. त्यांना सभासदांच्या चर्चेतून कौल मिळतो. ही चर्चा जेथे चालते त्या पानाचे नाव काय ठाऊक आहे? चावडी! तेथे वाद होतात, कधी शब्दावरून शब्द वाढतो. पण नातवाला निबंधासाठी माहिती शोधून देणाऱ्या तुमच्याआमच्यापैकी कितीजणांना त्याचा पहिला लेख कोणी लिहिला हे माहीत आहे? माहीत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. चावडीची पद्धत आपल्या रक्तात आहे. आपणच ती गढीच्या धन्याकडे गहाण टाकतो.

गहाण टाकतो असे मी जाणूनबुजून म्हणतो, कारण येथे दोष एकट्या संस्थापकाचा नाही. आता थोडे आपल्याकडे वळू. आज प्रत्येक घरात एक तरी व्हॉट्सॲपचा गट आहे : नातेवाइकांचा, इमारतीचा, शाळासोबत्यांचा. ज्याने तो काढला तो ॲडमिन. गावी कुलदेवतेची यात्रा ठरवावयाची, पाण्याच्या टाकीची वर्गणी जमवावयाची, सारे तेथेच. हळूहळू ॲडमिन ठरवू लागतो की कोणी काय बोलावे. हिशेब विचारणारा एक दिवस गटातून नाहीसा होतो, आणि उरलेले एकशेवीस जण हात जोडल्याची चित्रे टाकत राहतात! २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असा निर्वाळा दिला, की दुसऱ्या सभासदाने आक्षेपार्ह मजकूर टाकला, तर संगनमत दिसल्याखेरीज केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. सभासद घेणे आणि काढणे एवढाच त्याचा मर्यादित अधिकार. कायद्याने ज्याला द्वारपाल म्हटले, त्याला आपण गढीचा धनी करून बसवले आहे. तेही कोणी जुलूम केला म्हणून नव्हे. आपल्याला काम नको म्हणून. "दादा, तुम्हीच बघा हो, तुम्हांलाच जमते," हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. त्याचा खरा अर्थ एवढाच, की मला सतरंज्या उचलावयाच्या नाहीत. मग दादा एक दिवस सतरंजीला स्वतःचे नाव घालतात, आणि आपण अन्याय झाला म्हणून ओरडतो. गिडो गेल्यावर पायथनच्या मंडळींनी सात योजना लिहिल्या, वाचल्या, मते दिली. त्या कंटाळवाण्या कामाचे नाव लोकशाही. ते ज्यांना नको त्यांनी हुकूमशहाबद्दल कुरकुरू नये.

सत्ता वाटली की भांडणे होतात, हे मी नाकारीत नाही. पाच जणांच्या मंडळाला उशीर लागतो, चावडीवर वेळ जातो, निवडणुकीत मने दुखावतात. पण एकहाती कारभारातही भांडणे असतातच. ती फक्त दाराआड असतात, आणि एके दिवशी किल्लीवाला रागावला, थकला किंवा वारला म्हणजे सारी एकदम अंगणात येतात. पहिल्या भांडणाला सभा म्हणतात, दुसऱ्याला भाऊबंदकी. कोणते परवडते ते ज्याचे त्याने पाहावे.

तेव्हा संस्थापकहो, तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. तुमची संस्था इंटरनेटवर असो की चौकातल्या पत्र्याच्या खोलीत असो, तिचे नियम कागदावर लिहा, आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाला हेही लिहा. पासवर्ड असो, बँकेचे खाते असो, कपाटाची किल्ली असो, ती निदान आणखी दोघांकडे आजच द्या. आजारपणाची वाट पाहू नका. आणि खुर्ची सोडण्याची तारीख, अंगात बळ आहे तोवर, स्वतःच जाहीर करा. सल्ला विचारावयास लोक तुमच्या दारी येतील. अधिकार गेल्यावर जे येतात, तेच तुमचे खरे सभासद. मी कादंबऱ्या लिहितो. पुस्तक छापून बाहेर पडले की वाचकाच्या घरी जाऊन त्याची पाने मला उलटता येत नाहीत. त्याने ते कसे वाचावे हे सांगता येत नाही. म्हणून पुस्तकावरचे माझे नाव कोणी खोडीत नाही.

आणि सभासदहो, तुमच्याकडे एकच मागणी आहे. भाऊबीज आटोपली की आपापल्या मंडळाची, वाचनालयाची, इमारतीची, गटाची एक सभा मागा, आणि त्या सभेत नम्रपणे, पण मोठ्याने, एवढेच विचारा : "किल्ली कोणाकडे आहे?" उत्तर मिळाले की, "मग दुसरी माझ्याकडे द्या, उद्या झाडू मारायला मी येतो," असे म्हणण्याची तयारी मात्र घरून करून जा.